आंबूस, खवट, कुबट : बाटल्यांच्या कव्हरांच्या वासाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या वाड्यात एक कुटुंब राहतं. सासूबाई, सून आणि कॉलेजात शिकणारा नातू. नावं मुद्दाम देत नाही. सुनेला इथे ताई म्हणतो, सासूबाईंना आजी. ताईनं होळीनंतर घरून ताक, पन्हं आणि पियूष विकायला सुरुवात केली. घरात जे ताक, ते गिऱ्हाइकांशी बोलताना छास होतं, एवढाच फरक. ३०० मिलीलिटरच्या काचेच्या बाटल्या, रोजच्या ३८ ते ४० ऑर्डरी. काही दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्याच, बाकीच्या विश्वामित्री नदीपलीकडे सयाजीगंज आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे अलकापुरीतल्या ऑफिसांतल्या. मुलगा अकराच्या सुमारास स्कूटरवरून बाटल्या पोचवायचा आणि आदल्या दिवशीच्या रिकाम्या बाटल्या परत आणायचा.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की अलकापुरीपर्यंत पोचताना ताक कोमट होतं. तेव्हा ताईनं बाटलीला घालायची, फुगीर रबरी कापडाची कव्हरं घेतली. निओप्रीनची ८० कव्हरं, ६५ रुपयांना एक. आजींनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर बाटल्यांची झबली!" तेव्हापासून घरात तोच शब्द आहे, आणि या लेखातही मी तोच वापरणार आहे.

झबलं दोन कामं करतं. फुग्यांनी भरलेलं रबर बाहेरची उष्णता आत यायला वेळ लावतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. दुसरं काम तितकंच मोठं आहे आणि बडोद्याच्या दमट हवेत तर फारच. थंड बाटलीवर हवेतली वाफ दव होऊन बसते, आणि वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता बाटलीला मिळते. एक ग्रॅम दव बसलं आणि त्याची सगळी उष्णता आत गेली, तर ३०० मिलीलिटर ताक जवळजवळ २ अंशांनी तापतं. झबलं काचेवर दव बसू देत नाही. म्हणून ते काढून टाकणं हा सोपा पर्याय नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

जूनमध्ये ऑर्डरी वाढल्या तेव्हा ताईनं आणखी ४० झबली घेतली. दुकान वेगळं, भाव ४२ रुपये, आणि "माल तोच आहे" असं सांगितलेलं. दिसायलाही तशीच, फक्त काठाला राखाडी पट्टी.

अडचण

एप्रिल-मे निभावून गेले. झबली विसळून दोरीवर टाकली की तासाभरात खडखडीत वाळत. पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अलकापुरीतल्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आला : "छास सारी छे, पण कवरमांथी वास आवे छे." त्या आठवड्यात असे चार निरोप आले. एका ऑफिसनं तर सगळ्या ऑर्डरी थांबवल्या.

ताईला त्याचं फार लागलं. ताक ताजं होतं, बाटल्या ती उकळत्या पाण्यातून काढत होती, हात स्वच्छ, ओटा स्वच्छ. आणि बाटली तोंडाशी नेताना नाकाशी काय यायचं, तर झबल्याचा वास. गिऱ्हाईक म्हणणार ताकच वाईट आहे, आणि त्याचं काही चुकतंही नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. घरी झबलं कोरडं असताना वास येत नसे. थंड बाटली घातली, अर्धा तास गेला, की येई. ताईला वाटलं, लोक उगाच तक्रार करतायत. ते तसं नव्हतं. ओलाव्यात वाढणारे जिवाणू कापड वाळलं तरी सगळे मरत नाहीत. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांतल्या कुबट वासामागचा एक जिवाणू ओळखला, मोराक्झेला ऑस्लोएन्सिस. त्याची खोड हीच आहे : कोरडेपण सोसतो आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. ताईच्या झबल्यांत नेमका तोच होता असं मी म्हणत नाही, पण वागणूक त्याच जातीची होती. शिवाय कापडाला चिकटून बसलेले वासाचे कण ओल लागली की सुटतात. म्हणजे कोरडं झबलं हुंगून "स्वच्छ आहे" म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

मला विचारण्याआधी झालेले उपाय

पहिला उपाय उकळण्याचा. ताईनं मोठ्या पातेल्यात कपड्यांची पावडर घालून १८ झबली उकळली. आपल्याकडे घाण वास म्हटलं की हात उकळत्या पाण्याकडेच जातो, दुधाच्या भांड्यांना तेच लागतं. झबल्याला मात्र ते सोसत नाही. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० मध्ये अमेरिकेत ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ते तेल, हवा, पाणी बऱ्यापैकी सोसतं. पण झबलं म्हणजे नुसतं रबर नव्हे. मध्ये रबराचा फेस आणि दोन्ही अंगांना डिंकानं चिकटवलेलं विणीचं कापड. उकळत्या पाण्यात तो डिंक सुटला. कापड पापुद्र्यासारखं फुगून वर आलं, छापलेली नक्षी सुटून पाण्यावर तरंगायला लागली. आणि गरम पाण्यानं दुधाची प्रथिनं निघण्याऐवजी धाग्यात घट्ट बसली. दोन दिवसांत वास परत. १८ झबली गेली.

दुसरा उपाय कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रवाचा. त्यानं गुलाब आणि आंबट ताक असा जोडवास तयार झाला, आणि तो नुसत्या आंबट वासापेक्षा वाईट होता. शिवाय असा द्रव धाग्यांवर मेणचट थर सोडतो आणि पुढच्या धुण्यात पाणी आत शिरायला अडचण होते.

तिसरा, ब्लीचचा. राखाडी पट्टीच्या सहा झबल्यांवर. रंग उडाला, शिवणीतलं इलॅस्टिक सैल पडलं.

म्हणजे १२० पैकी २४ झबली दहा दिवसांत कामातून गेली होती, आणि वास जिथल्या तिथे.

माझी चूक

मी कापडरंगाईच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली, मकरपुऱ्याच्या बाजूला. ताईनं फोन केला, "काका, झबल्यांचा वास जात नाहीये, काय करू?" मी प्रवासात होतो. आम्ही रंगाईनंतर कापडातला अल्कलीपणा मारायला ॲसेटिक ॲसिड वापरायचो, तेच डोक्यात आलं. म्हटलं, "बादलीत पांढरं व्हिनेगर घाल आणि तासभर भिजव."

तिनं एकच प्रश्न विचारला आणि तो विचारला म्हणून आज हे शांतपणे लिहितोय. "आत्ता बादलीत ब्लीच आहे, त्यातच घालू का?"

मी गाडीच्या डब्यात ओरडलोच. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मोरी बंदिस्त, खिडकी लहान, बाजूला आजी बसलेल्या. तिला म्हटलं, हात लावू नकोस, खिडकी उघड, बादलीतलं भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोड आणि अर्धा तास आत जाऊ नकोस. काही झालं नाही. पण प्रयोगशाळेत कोणी मुलगा नवा आला की त्याला मी पहिला धडा हाच द्यायचो : भांड्यात आधी काय आहे ते विचार. फोनवर सल्ला देताना मीच ते विचारलं नव्हतं.

आणि सल्लाही चुकीचाच होता. आम्लाचा वास आम्लानं जात नाही. व्हिनेगर चालतं ते अमोनियासारख्या, अल्कली जातीच्या वासावर, माशाच्या वासावर. इथला वास कुठल्या जातीचा आहे हे न बघताच मी औषध सांगितलं होतं.

आजींचे तीन ढीग

घरी आलो त्या संध्याकाळी ओट्यावर ९६ झबली पसरली. मी प्रत्येकाची शिवण बघत होतो, कुठे डाग, कुठे बुरशीचे ठिपके. अर्धा तास झाला आणि माझ्या हाती काही लागेना. आजी आरामखुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "सगळ्यांचा वास एक नाहीये रे. दे इकडे."

मग त्यांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. एक झबलं घ्यायचं, उलटं करायचं, तांब्यातल्या पाण्याचा शिपका मारायचा, दोन्ही तळव्यांत दाबून थोडं गरम करायचं आणि नाकाशी न्यायचं. एक श्वास, जास्त नाही. मग एक शब्द आणि एक ढीग. "आंबूस." "खवट." "कुबट." "कुबट." "खवट." मधून मधून कॉफीच्या डब्याचं झाकण उघडून त्याचा वास घ्यायच्या, नाक ताजं करायला. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पन्नास वर्षं दूधदुभतं, लोणची आणि पावसाळ्यातली अंथरुणं सांभाळताना आलेलं.

आंबूस २७, खवट ३३, कुबट ३६.

मराठीत वासाला इतके नेमके शब्द आहेत आणि आपण "वास येतोय" एवढ्यावर थांबतो, याचं मला त्या संध्याकाळी वाईट वाटलं. कारण ते तीन शब्द म्हणजे तीन निरनिराळी कारणं होती. आंबूस म्हणजे ताक सांडून नुकतंच आंबलेलं, अजून पाण्यात विरघळणारं. खवट म्हणजे स्निग्धांश बिघडलेला. दुधातला स्निग्धांश फुटला की ब्युटिरिक आम्ल सुटतं, जुन्या लोण्याला येतो तो वास त्याचाच. यातली बहुतेक झबली पियूषच्या बाटल्यांची होती, हे नंतर ताईला आठवलं. श्रीखंडाचं पेय, स्निग्धांश भरपूर. आणि कुबट म्हणजे ओल. तिथे ताकाचा संबंध नावापुरता. न वाळलेल्या कापडात जिवाणू आणि बुरशी वाढलेली.

हे प्रकरण तिथे वळलं. धुण्याची एक पद्धत शोधायचा नाद आम्ही सोडला.

राखाडी पट्टीचं कोडं

कुबट ढिगाकडे बघताना मुलाच्या लक्षात आलं : ३६ पैकी २८ राखाडी पट्टीची. त्या मालातली एकूण उरली होती ३४. हा योगायोग असणं शक्य नव्हतं.

दोन्ही मालांतलं एकेक झबलं घेतलं, ताईच्या वजनकाट्यावर ठेवलं. मग पाण्यात बुडवून दोनतीनदा दाबलं, पंचात दाबून काढलं, पुन्हा वजन केलं आणि पंख्याखाली टांगलं.

जुन्या मालाचं झबलं : कोरडं ३४ ग्रॅम, दाबून काढल्यावर ४७, सहा तासांनी ३५, सकाळी ३४.

राखाडी पट्टीचं : कोरडं २६ ग्रॅम, दाबून काढल्यावर ७१, आणि चोवीस तास पंख्याखाली राहूनही ३८.

कात्रीनं कापून बघितलं. जुन्यात रबराचा काळा, घट्ट फेस, छिद्रं एकमेकांपासून बंद. पाण्याखाली दाबलं तरी बुडबुडा नाही. पाणी फक्त बाहेरच्या कापडात आणि शिवणीत शिरतं. राखाडी पट्टीच्या आत मात्र चक्क स्पंज होता, छिद्रं उघडी. दाबला की बुडबुडे, सोडला की पाणी पोटात. अशा वस्तूला बडोद्याच्या जुलैमध्ये वाळवणं म्हणजे रोज हरायची शर्यत. दुकानदारानं फसवलं की त्यालाही ठाऊक नव्हतं, ते आम्ही शोधत बसलो नाही. २३ रुपयांचा फरक तेव्हाच बोलत होता.

समोरचे पर्याय

त्या रात्री चौघे बसलो. सगळी झबली टाकून नवी घेणं : १२० गुणिले ६५, म्हणजे ७,८०० रुपये. ताईच्या हिशेबात ते साधारण तीन आठवड्यांचं उरणारं होतं. आणि कारण तेच राहिलं तर नवी झबलीही महिन्यात त्याच वाटेनं जाणार. हा पर्याय मीच आधी खोडला.

झबली बंद करून बाटल्या बर्फाच्या पेटीत न्यायच्या, हे ताईच्या मनात होतं. पण स्कूटरवर पेटीचं ओझं, बर्फाचा रोजचा खर्च, आणि गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर बाटली उघडीच. ओल्या तागाच्या पिशव्या आजींनी सुचवल्या. माठाचं तत्त्व, बाष्पीभवनानं गारवा. मे महिन्यात मी त्याला हो म्हटलं असतं. जुलैच्या हवेत पाणी उडून जायलाच तयार नसतं.

उरलेला पर्याय म्हणजे असलेली झबली ढिगाप्रमाणे धुणं आणि वाळवण्याची व्यवस्था बदलणं. तो घेतला. त्यात वाद झाला तो स्पंजाच्या ३४ झबल्यांवरून. ताईला ती टाकवत नव्हती. "काका, पैसे दिलेत हो त्यांचे." मी म्हटलं, निदान दूधदुभत्यातून काढ. शेवटी ती बाजूला ठेवली आणि निर्णय दोन आठवडे लांबवला. आज वाटतं, तेव्हाच टाकायला हवी होती. कपाटात राहिली आणि पुढे एकदा नडलीच.

केलेलं काम

सगळ्या ढिगांना पहिली पायरी एकच : झबलं उलटं करून गार पाण्याखाली धरायचं, शिवणीवर जुन्या दातांच्या ब्रशानं हलकं घासायचं. गरम पाणी आधी नाही. आंबूस ढिगाला यापुढे साध्या साबणपाण्याखेरीज काही लागलं नाही.

खवट ढिगासाठी दहा लिटर कोमट पाणी, हाताला सुखानं सोसेल इतपतच, आणि त्यात पाकिटावर एन्झाइम लिहिलेली कपड्यांची पावडर. एन्झाइमांना काम करायला वेळ लागतो, म्हणून पाऊण तास भिजवण. मग विसळून दुसऱ्या बादलीत खायचा सोडा, लिटरला एक मोठा चमचा, एक तास. सोडा ब्युटिरिक आम्लाशी मिळून त्याचं क्षार करतो. क्षार उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येत नाही, आणि पाण्यात विरघळून विसळताना निघून जातो. ताईनं विचारलं, सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातलं तर दुप्पट काम होईल ना? उलट होतं. दोघं एकमेकांना मारतात, फेस छान येतो आणि बादलीत जवळजवळ नुसतं खारं पाणी उरतं. धुण्याचा सोडा घ्यायचा नाही हेही बजावलं. तो बराच तीव्र असतो.

कुबट ढिगात जुन्या मालाची आठच होती. त्यांना साबणपाण्यानंतर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्क्यांवर आणून दहा मिनिटं. रंग थोडा फिका होतो, तो चालवून घेतला.

पिळायचं नाही. पंचात गुंडाळून दाबायचं, उलटं टांगायचं, टेबलफॅन लावायचा. उन्हाचा मोह आजींना फार, "ऊन दाखवल्याशिवाय कसं शुद्ध होईल?" म्हणत. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, इथे तडजोड झाली. कडक उन्हात रोज टाकलं तर रबर लवकर कडक होतं, तडे जातात. सात तासांनी वजन. कोरड्या वजनापेक्षा एक ग्रॅमहून जास्त भरलं तर ते झबलं त्या दिवशी बाहेर जायचं नाही.

आणि परीक्षा : स्टीलच्या डब्यात झबलं, कोमट पाण्याचा शिपका, झाकण, अर्धा तास. मग आजी झाकण उघडून हुंगणार. कोरड्या झबल्याला पास करायचं नाही.

पण खरा बदल धुण्यात झालाच नाही. तो मुलानं सुचवला. आम्ही झबल्याचा दिवस कागदावर मांडत होतो. सकाळी साडेदहाला बाटलीवर चढतं. पावसात अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, पाण्यानं भरलं की वळसा पडतो, म्हणजे कधी बारा वाजतात. गिऱ्हाईक जेवणानंतर ताक पितं, झाकणाभोवतीचे थेंब झबल्यात उतरतात, रिकामी बाटली झबल्यासकट टेबलाखाली. दुसऱ्या दिवशी ती मुलाच्या चेन लावलेल्या पिशवीत, स्कूटरच्या डिकीत. संध्याकाळी धुणं. ताकाचा थेंब पडल्यापासून पाणी लागेपर्यंत अठ्ठावीस तास, ओलसर आणि बंद जागी. मुलगा म्हणाला, "त्यांच्याकडे फ्रिज असतो ना. बाटली फ्रिजमध्ये ठेवू द्या, झबलं मी दारातच परत घेतो. ते फक्त रस्त्यासाठी आहे."

आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. चार महिने हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दूरची गिऱ्हाइकं होती २२. त्यांपैकी १३ ठिकाणी फ्रिज होता. तिथली झबली ताक न लागता, जेमतेम ओली होऊन तासाभरात परत यायला लागली. उरलेल्या ९ ठिकाणची दुसऱ्या दिवशी, पण आता खंडेराव मार्केटातून आणलेल्या भाजीच्या जाळीदार पिशवीत. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या गिऱ्हाइकांना दहा मिनिटांत बाटली पोचते, त्यांची झबली बंदच केली. बाटली भरताना वरून दोन बोटं जागा ठेवायची, म्हणजे उघडताना सांडत नाही, हेही ठरलं.

निकाल

जुन्या मालाच्या ६२ झबल्यांपैकी आंबूस २५ लगेच सुधारली. खवट २९ पैकी २४ पहिल्या भिजवणीत आणि ४ दुसऱ्या भिजवणीत डब्याच्या परीक्षेला उतरली, एक उतरलं नाही. कुबट ८ पैकी ३ वाचली. एकूण ५६. रोज २२ लागतात, म्हणजे दोन पाळ्या आणि वर १२. एकही नवं घ्यावं लागलं नाही.

तक्रारी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर थांबल्या. ज्या ऑफिसनं ऑर्डरी बंद केल्या होत्या, तिथली पाचांपैकी तीन गिऱ्हाइकं परत आली. दोन आली नाहीत. ताई अजून त्यांचं नाव काढते.

नवरात्रात गरब्याच्या रात्री ऑर्डरी एकदम वाढल्या. एका रात्री झबली कमी पडली आणि ताईनं कपाटातली स्पंजाची १० काढली. "एकाच रात्रीसाठी" असं म्हणून. मुलगा दमून आला, पिशवी डिकीतच राहिली. सकाळी दहाही झबली ठसठशीत कुबट. त्याच पिशवीत ठेवलेली चांगली ९ नुसती आंबूस होती, ती गार पाण्यानं आणि सोड्यानं दुपारपर्यंत ठीक झाली. त्या दिवशी ताईनं स्पंजाची सगळी झबली स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या गाडीत टाकली.

पुन्हा करायचं झालं तर

उकळण्याचा, ब्लीचचा, कुठलाही उपाय आधी एका झबल्यावर आणि तेही आधीच खराब झालेल्यावर. १८ एकदम पातेल्यात घातली नसती तर १७ वाचली असती.

मी फोनवर औषध सांगायच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवे होते : बादलीत काय आहे, आणि वास कसला आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ताईला देता आलं नसतं कदाचित, पण शेजारी आजी बसल्या होत्या.

मोजदाद उशिरा सुरू झाली. कुठलं झबलं कुठल्या पेयाला वापरलं हे पहिल्यापासून ठरलेलं असतं, तर खवट वासाचा माग जुलैतच पियूषपर्यंत गेला असता. आता पियूषच्या झबल्यांना आत लाल दोऱ्याचा टाका आहे आणि ती रोज सोड्यात जातात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आजींचं नाक. सर्दी झाली की परीक्षा अडते. ताई आणि मुलगा दोघं रोज चार वाजता त्यांच्याबरोबर डबे हुंगायला बसतात. आधी आपापला शब्द कागदावर लिहायचा, मग आजींचा ऐकायचा. मुलाचे दहातले आठ जुळतात. ताईचे सहा. खवट आणि आंबूस यांत ती अजून घोटाळते.

संक्रांतीच्या सुमाराला नवी ३० झबली घ्यायची ठरली तेव्हा ताई दुकानात गेली, एक झबलं विकत घेतलं, तिथेच कात्री मागितली आणि ते मधोमध कापलं. मग दुकानदाराच्या पाण्याच्या ग्लासात तुकडा बुडवून दाबला. बुडबुडे आले. ती पुढच्या दुकानात गेली.